हिरावलेल्या आठवणींचा शोध : किशोरांच्या नव्या अद्भुत कादंबऱ्या काय सांगत आहेत?

न्यू जर्सीपासून दुबईपर्यंत आणि लंडनपासून सिंगापूरपर्यंत अनेक मराठी घरांत एक दृश्य सारखेच दिसते. चौदा-पंधरा वर्षांचे मूल पाचशे पानांची इंग्रजी कादंबरी घेऊन कोपऱ्यात बसलेले असते. मुखपृष्ठावर तलवार, मुकुट किंवा जळते शहर. जेवायला तीनदा हाक मारावी लागते. मूल मोबाइल बाजूला ठेवून वाचते आहे, याचे आईवडिलांना समाधान असते. पण जादूटोणा, युद्धे आणि राजवाड्यांतील कारस्थाने यांतून त्याला मिळते तरी काय, अशी शंकाही मनात असते. ‘यापेक्षा काही चांगले वाच’ असे एखादे वाक्य निघून जाते आणि विषय तिथेच संपतो.

तो तिथे संपू नये, असे वाटण्यास सबळ कारण आहे. गेल्या दहा वर्षांतील या प्रकारच्या चांगल्या कादंबऱ्या सलग वाचल्या, तर त्यांच्या तळाशी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा भेटतो : आपल्या आधीच्या पिढीचे खरोखर काय झाले, आणि ते आपल्यापासून कोणी लपवले? परदेशात वाढणाऱ्या मुलाला हा प्रश्न परका नाही. म्हणूनच या पुस्तकांची ओळख करून घेणे पालकांच्याही हिताचे आहे.

या कपाटात नेमके काय असते?

इंग्रजी प्रकाशन व्यवसायात साधारण बारा ते अठरा या वयाच्या वाचकांसाठीच्या पुस्तकांना ‘यंग अडल्ट’ म्हणतात. त्याआधीच्या, म्हणजे आठ ते बारा वयोगटाच्या पुस्तकांना ‘मिडल ग्रेड’ हे नाव आहे. ‘स्पेक्युलेटिव्ह’ हा शब्द त्याहून व्यापक आहे. विज्ञानकथा, अद्भुतरम्य कथा, भयकथा आणि ‘डिस्टोपिया’, म्हणजे बिघडलेल्या भविष्यातील जुलमी समाजाचे चित्र, हे सारे त्याच्या पोटात येते. ‘असे झाले असते तर?’ हा प्रश्न विचारून जी कथा सुरू होते, ती या वर्गातली.

ही वर्गवारी वाटते तितकी काटेकोर नाही. अमेरिकेत २०१२ साली बाऊकर या संस्थेने केलेल्या पाहणीत, यंग अडल्ट पुस्तके विकत घेणाऱ्यांपैकी ५५ टक्के लोक अठरा वर्षांवरील असल्याचे आढळले होते. प्रौढ वाचक या कपाटाकडे वळला, तसा मजकूरही वळला. सारा जे. मास यांची ‘अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस’ ही मालिका २०१५ मध्ये किशोरांच्या कपाटात दाखल झाली आणि काही वर्षांनी नव्या वेष्टनात प्रौढांच्या कपाटात गेली. रिबेका यारोस यांची २०२३ मधील ‘फोर्थ विंग’ ही ड्रॅगन आणि प्रणय यांची कादंबरी तर पहिल्यापासूनच प्रौढांसाठी आहे. तरी तिचे मुखपृष्ठ आणि तिची कीर्ती पाहून ती तेरा वर्षांच्या हाती सहज पडते. तेव्हा पालकांनी मुखपृष्ठावर विसंबून राहू नये. पुस्तक कोणत्या वयोगटासाठी आहे, हे प्रकाशकाच्या नोंदीत किंवा ग्रंथपालाला विचारून दोन मिनिटांत कळते.

बंडाची लाट आणि तिच्यानंतर

लोइस लोरी यांच्या १९९३ मधील ‘द गिव्हर’ या कादंबरीने या वाटेवरचा महत्त्वाचा टप्पा गाठला. त्या कथेतल्या समाजाने दुःख टाळण्यासाठी भूतकाळच पुसून टाकलेला असतो आणि साऱ्यांच्या आठवणी एकट्या माणसाकडे ठेवलेल्या असतात. पुढे २००८ मध्ये सुझान कॉलिन्स यांची ‘द हंगर गेम्स’ आली आणि बाजाराचे रूपच पालटले. पॅनेम नावाच्या देशात राजधानी दरवर्षी बारा जिल्ह्यांतून प्रत्येकी एक मुलगा आणि एक मुलगी चिठ्ठी टाकून निवडते, त्यांना रिंगणात सोडते आणि एकच जिवंत उरेपर्यंत चाललेला संहार दूरचित्रवाणीवर दाखवते. एका वाहिनीवर रिॲलिटी शो आणि दुसरीवर इराक युद्धाची दृश्ये, अशी वाहिन्यांची अदलाबदल करताना ही कल्पना सुचल्याचे कॉलिन्स यांनी सांगितले आहे. थीसियस आणि मिनोटॉर यांची ग्रीक कथाही त्यामागे आहे.

यशामागून अनुकरण आले. व्हेरॉनिका रॉथ यांची २०११ मधील ‘डायव्हर्जंट’ हे त्यातले सर्वांत गाजलेले नाव. एक निर्भय मुलगी, गटांत विभागलेला समाज, दोन तरुणांमध्ये विभागलेले मन आणि तिसऱ्या भागात कोसळणारी सत्ता, असा साचा तयार झाला. साच्यातून निघालेल्या वस्तूंची जी गत होते, तीच या कादंबऱ्यांची झाली. जुलमी सत्ता कुठून आली आणि लोक ती का सहन करतात, या प्रश्नांना त्यांच्यात जागा नव्हती. खलनायक मेला की सारे ठीक, इतकेच त्यांचे राजकारण.

कॉलिन्स मात्र त्या प्रश्नांकडे परतल्या. मार्च २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेली त्यांची ‘सनराइज ऑन द रीपिंग’ ही अलीकडच्या काळातील सर्वांत विचारपूर्वक रचलेल्या किशोर-कादंबऱ्यांपैकी एक म्हणावी लागेल. मूळ मालिकेतला मद्यपी, तुसडा मार्गदर्शक हेमिच हा येथे सोळा वर्षांचा नायक आहे आणि कथा त्याने जिंकलेल्या पन्नासाव्या खेळांची आहे. वाचकांना ही हकिकत ठाऊक होती. २००९ च्या ‘कॅचिंग फायर’मध्ये कॅटनिस आणि पीटा त्या खेळांचे चित्रीकरण पाहतात, आणि त्यात हेमिच एक धूर्त, स्वतःपुरते पाहणारा मुलगा दिसतो. सोळा वर्षे वाचकांनी तेच सत्य मानले. नव्या कादंबरीत उलगडते, की ते चित्रीकरण राजधानीने कापून-जोडून तयार केलेले होते. हेमिचची निवड नियमानुसार झालीच नव्हती. चौकात झालेला गोळीबार झाकून निवडीचा प्रसंग कॅमेऱ्यासमोर पुन्हा उभा केला गेला. रिंगणच उद्ध्वस्त करण्याचा त्याचा प्रयत्न तर पडद्यावरून पूर्णपणे पुसला गेला.

या रचनेचे मोल मोठे आहे. प्रचारावर व्याख्यान देण्याऐवजी लेखिकेने वाचकालाच प्रचाराचा बळी बनवले आणि मग त्याचे डोळे उघडले. मूठभर लोक असंख्यांवर इतक्या सहज राज्य कसे करतात, हा डेव्हिड ह्यूम या तत्त्वज्ञाचा प्रश्न कादंबरीच्या मुळाशी आहे. पंधरा वर्षांच्या मुलाला ह्यूम वाचायला दिला, तर तो दुसरे पान उलटणार नाही. पण आपण पाहिलेली ध्वनिचित्रफीत कोणी, कशासाठी कापली असेल, हे विचारण्याची सवय त्याला या कथेतून लागू शकते. कादंबरीची उणीवही सांगायला हवी. जुन्या पात्रांच्या तरुणपणाची हजेरी लावण्याचा मोह लेखिकेला आवरलेला नाही आणि त्या भेटीगाठींतून काही ठिकाणी योगायोगांची गर्दी होते.

आईपासून तुटलेले सूत्र

हिरावलेल्या वारशाचा हाच धागा टॉमी अडेयेमी आणि ट्रेसी डिऑन या दोन लेखिकांच्या कादंबऱ्यांत आईच्या रूपाने येतो. अडेयेमी यांच्या २०१८ मधील ‘चिल्ड्रन ऑफ ब्लड अँड बोन’मध्ये ओरिशा नावाच्या राज्यात राजाने जादू नष्ट केली आहे आणि जादू जाणणाऱ्यांची कत्तल केली आहे. त्यात नायिका झेलीची आई मारली गेली. उरलेल्या मुलांच्या डोक्यावरचे पांढरे केस तेवढे त्यांची ओळख सांगतात आणि त्या ओळखीपायी त्यांना कर, मारझोड आणि अपमान सोसावा लागतो. कादंबरीतले मंत्र योरुबा भाषेत आहेत. आईची भाषा जिभेवर परत येणे म्हणजेच शक्ती परत येणे, ही कल्पना तिथे अलंकार म्हणून येत नाही. सारे कथानक तिच्यावर उभे आहे.

लेखिकेची स्वतःची हकिकत याला जोडून पाहण्यासारखी आहे. अडेयेमी या नायजेरियातून आलेल्या आईवडिलांच्या अमेरिकेत वाढलेल्या कन्या. पण ज्या ओरिशा देवतांवरून हे जग उभे राहिले, त्यांच्या प्रतिमा त्यांच्या मनात ठसल्या त्या शिक्षणासाठी ब्राझीलमधील साल्वादोर शहरात गेल्या असताना, तिथल्या एका दुकानात. पूर्वजांच्या देवतांची ओळख तिसऱ्याच देशात व्हावी, हे स्थलांतरितांच्या अनेक मुलांच्या वाट्याला येते. कादंबरीचा वेग आणि संताप दोन्ही अस्सल आहेत. मात्र शत्रुपक्षाच्या राजपुत्राशी जुळणारे प्रेम फार घाईत उरकले आहे आणि २०१९ व २०२४ मध्ये आलेल्या पुढच्या भागांत पहिल्या भागाची धार राहिलेली नाही.

डिऑन यांची २०२० मधील ‘लेजंडबॉर्न’ त्या मानाने अधिक परिपक्व आहे. सोळा वर्षांची ब्री मॅथ्यूज ही कृष्णवर्णीय मुलगी आईच्या अपघाती मृत्यूनंतर नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपल हिल येथील आवारात शिकायला येते. तिथे राजा आर्थरच्या सरदारांचे वंशज म्हणवणाऱ्यांची एक गुप्त संघटना आहे. तिच्यातला जादूगार ब्रीची एक आठवण पुसण्याचा प्रयत्न करतो. तो फसतो आणि दुसरीच एक आठवण जागी होते : आई गेली त्या रात्री इस्पितळातही कोणीतरी असेच आपल्या मनाशी खेळले होते.

इथून पुढे कादंबरी एक अवघड प्रश्न हाती घेते. काही घराण्यांपाशी पंधराशे वर्षांची वंशावळ लिहून ठेवलेली असते; ज्यांच्या पणजी-खापरपणजींना गुलाम म्हणून विकले, त्यांच्यापाशी काय असते? वंशावळीचा अभिमान हा सद्गुण आहे, की केवळ नोंद ठेवण्याची ताकद कोणाकडे होती त्याचा पुरावा? शेवटी मिळणारे उत्तर येथे उघड करणे योग्य नाही, पण ते वाचकाला हादरवते. शोकाचे इतके संयत चित्रण किशोर-साहित्यात क्वचितच आढळते. या कादंबरीला २०२१ मध्ये नवोदितांसाठीचा कोरेटा स्कॉट किंग–जॉन स्टेप्टो पुरस्कार मिळाला, तो सार्थ म्हणावा लागेल. तिचा दोष एकच : संघटनेच्या पदव्या, शाखा आणि नियम यांची जंत्री इतकी मोठी आहे की, पहिल्या शंभर पानांत वाचकाची दमछाक होते.

पुराणे नव्या वेषात

भारतीय उपखंडाशी नाते असलेल्या लेखिकांनीही या कपाटात आपली जागा मिळवली आहे. रोशनी चोक्सी यांची २०१८ मधील ‘अरु शाह अँड द एंड ऑफ टाइम’ हे त्यातले सर्वांत परिचित नाव. हे पुस्तक मिडल ग्रेड वर्गातले आहे. अॅटलांटातील वस्तुसंग्रहालयात राहणारी बारा वर्षांची अरु थापा मारण्यात पटाईत आहे. शाळासोबत्यांपुढे आपली थाप खरी करण्यासाठी ती एक शापित दिवा पेटवते, काळ थांबतो, आई गोठते, आणि स्पायडरमॅनचा पायजमा घातलेल्या अरुला कळते की, पांडवांपैकी एकाचा आत्मा आपल्यात पुन्हा जन्मला आहे. पांडव मुलींच्या रूपाने अवतरतात, ही कल्पना खेळकर आणि ताजी आहे. महाभारत हे आजीच्या मांडीवर ऐकायचे, की परीक्षेसाठी पाठ करायचे, अशा दोनच वाटा माहीत असलेल्या मुलांना इथे तिसरी वाट दिसते. मात्र विनोदाच्या ओघात महाभारताचे खरे बळ, म्हणजे धर्मसंकट, काहीसे पातळ होते. या पुस्तकाला महाभारताची जागा देऊ नये. ते महाभारताचे दार आहे.

सबा ताहिर यांची २०१५ मधील ‘अॅन एम्बर इन द अॅशेस’ मात्र मोठ्या मुलांसाठी आहे. मोहावी वाळवंटात आईवडील चालवत असलेल्या मोटेलमध्ये वाढलेल्या ताहिर पुढे ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये काम करत होत्या. काश्मीरमध्ये घरातले पुरुष पकडून नेल्यावर मागे राहिलेल्या स्त्रियांविषयीचे वृत्त हाताखालून गेले आणि त्यातून कादंबरीचे बीज पडले, असे त्यांनी सांगितले आहे. रोमन साम्राज्याची आठवण करून देणाऱ्या सत्तेत भावाला सोडवण्यासाठी गुलाम बनून हेरगिरी करणारी लाया हे या कादंबरीचे केंद्र. ती शूर नाही. पहिल्या प्रकरणात ती भावाला सोडून पळते. आपल्या भित्रेपणाची लाज घेऊन जगणारी नायिका हे या पुस्तकाचे सर्वांत मोठे यश आहे. हिंसा बरीच असल्याने ते चौदा वर्षांखालील मुलांना देऊ नये.

तनाझ भाथेना यांचा जन्म मुंबईचा आणि बालपण रियाध, जेद्दा व टोरोंटो येथले. त्यांची २०२० मधील ‘हंटेड बाय द स्काय’ मध्ययुगीन भारतावरून रचलेल्या अंबर राज्यात घडते. तिथे जादू असणारे आणि नसणारे यांच्या वस्त्या वेगळ्या आहेत. जन्मावरून माणसाची जागा ठरवणाऱ्या समाजाचे हे चित्र कशाकडे बोट दाखवते, हे भारतीय वाचकाला सांगावे लागत नाही.

वेल्शमधली निळी वही

या सर्वांत मराठी वाचकाला सर्वाधिक जवळची वाटावी अशी कादंबरी आकाराने सर्वांत लहान आहे. मॅनन स्टेफन रॉस यांची ‘द ब्लू बुक ऑफ नेबो’ प्रथम २०१८ मध्ये वेल्श भाषेत प्रसिद्ध झाली आणि वेल्सच्या राष्ट्रीय आयस्टेडव्हॉड महोत्सवात तिला गद्याचे पदक मिळाले. लेखिकेने स्वतःच तिचे इंग्रजी रूप सिद्ध केले आणि २०२३ मध्ये त्याला ब्रिटनमधील बालसाहित्याचा मानाचा कार्नेगी पुरस्कार लाभला. १९३६ पासून दिल्या जाणाऱ्या या पुरस्कारावर अनुवादित पुस्तकाने नाव कोरण्याची ती पहिलीच वेळ.

कथा साधी आहे. अणुसंहारानंतर वायव्य वेल्समधील नेबो या खेड्याजवळच्या एकाकी घरात रोवेना, तिचा किशोरवयीन मुलगा डिलन आणि चिमुकली मोना राहतात. आई आणि मुलगा एका निळ्या वहीत आळीपाळीने लिहितात. एकमेकांचे लिखाण वाचायचे नाही, असा करार असतो. ओसाड घरांतून आणलेली वेल्श पुस्तके वाचत वाचत त्यांचे आपल्या भाषेशी असलेले नाते पुन्हा जुळते. जग संपल्यावर भाषा उरते, आणि ती का उरते, याचा शांत विचार येथे आहे. तलवारी नाहीत, बंड नाही, प्रेमाचा त्रिकोण नाही. बटाटे लावणे, सापळ्यात ससा पकडणे आणि लिहिणे, इतक्यावर ही कादंबरी उभी आहे.

वेल्श बोलणारे लोक काही लाखांत मोजता येतात. मराठी मातृभाषा असलेल्यांची संख्या भारताच्या २०११ च्या जनगणनेनुसार आठ कोटींहून अधिक आहे. तरी आपल्या भाषेतील एखादी किशोर-कादंबरी जगापुढे अशी का येत नाही, हा प्रश्न ते पुस्तक मिटताना मनात येतोच.

मराठी कपाटाकडे पाहताना

मराठीत ही परंपरा नव्हती असे नाही. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठी मुलांपर्यंत पोहोचवल्या आणि फास्टर फेणेसारखा नायक दिला. डॉ. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत टोपणनावाने कथा पाठवून पहिला क्रमांक मिळवला आणि पुढे ‘वामन परत न आला’सारख्या कादंबरीत, विचार करणारे यंत्र माणसाच्या हाताबाहेर गेले तर काय, हा आज घरोघरी चर्चिला जाणारा प्रश्न मांडला. नील शुस्टरमन यांची २०१६ मधील ‘साइद’ ज्यांच्या मुलांनी वाचली आहे, त्यांनी या दोन्ही कादंबऱ्या शेजारी ठेवून पाहाव्यात. शुस्टरमन यांच्या जगात सर्वज्ञ यंत्रणा न्यायी आहे आणि भ्रष्ट होतात ती माणसे. नारळीकरांची धास्ती यंत्राविषयी आहे. एकाच घरात दोन पिढ्यांना वाद घालायला याहून चांगला विषय मिळणे कठीण.

उणीव आहे ती पुढच्या पायरीची. मराठीत बालसाहित्य आहे आणि प्रौढांचे साहित्यही. मधल्या तेरा ते अठरा वर्षांच्या वाचकासाठी, त्याचा राग, त्याची लाज आणि त्याचे प्रश्न गंभीरपणे घेणारे पुस्तक शोधावे लागते. परदेशातील मुलांच्या बाबतीत लिपीचा अडसर त्यात भर घालतो.

तोवर पालकांच्या हाती एक सोपा उपाय आहे. मूल वाचत असलेले पुस्तक एकदा स्वतः वाचावे. सर्व वाचणे शक्य नसेल, तर वर उल्लेखिलेल्यांपैकी ‘नेबो’ एका रविवारी संपते. त्यानंतर ‘यातून तू काय शिकलास?’ हा शाळेतला प्रश्न टाळावा. या कथेत कोणाची आठवण कोणी पुसली, आणि ती पुसली गेली नसती तर काय झाले असते, असे विचारावे. उत्तरे लांबत जातात.

आणि बहुधा त्यातून उलटा प्रश्नही येईल : आपल्या घरात काय झाले होते? पणजोबांनी गाव का सोडले, आजीचे शिक्षण सातवीतच का थांबले, घरातले जुने आडनाव का बदलले. ब्री मॅथ्यूजला असे विचारायला आई उरलेली नव्हती, झेलीलाही नाही. मराठी घरातल्या मुलांना आजी बहुतेक वेळा एका फोनच्या अंतरावर असते. तो फोन मुलाने स्वतः, मराठीत लावला, तर पाचशे पानांच्या त्या पुस्तकाने आपले काम चोख केले असे समजावे.